मेमरी मागणं म्हणजेही लॉक घेणंच

माय, तू पाठवलेला बदल वाचला. तुझ्या मॉड्यूलमध्ये टेबलात नवीन नोंद घालताना स्पिनलॉक घेतल्यावर आत मेमरी मागणारं केमॅलॉक येत होतं. कर्नलनं 'स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट' अशी ओळ छापली आणि तू जीएफपी कर्नल खोडून तिथं जीएफपी अ‍ॅटॉमिक लिहिलंस. ओळ यायची थांबली. मग विचारलंस, 'मामा, एवढ्यानं भागलं का?'

भागलं नाही. ओळ थांबली आणि चूक जागच्या जागी राहिली. विष्णुपुरीला कॉलेजात तुला ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकात लॉकिंगचं प्रकरण वेगळं आणि मेमरीचं वेगळं शिकवलं असेल. शिकवायला ते बरं पडतं. पण पुण्यात फाइल सिस्टिमच्या कामात माझी उमर गेली, आणि तिथल्या जाणत्या माणसांनी मला सुरुवातीलाच कानाशी सांगितलं होतं की कर्नलमध्ये ही दोन प्रकरणं एकच आहेत. मेमरी मागणं म्हणजेही लॉक घेणंच. तेवढं ध्यानात धरून पुढचं वाच.

आधी ती ओळ काय म्हणत होती ते बघ. स्पिनलॉकसाठी थांबलेला प्रोसेसर झोपत नाही, लॉक सुटेपर्यंत जागच्या जागी फिरत राहतो. म्हणून ज्याच्या हातात स्पिनलॉक आहे त्यानं आत असताना झोपायचं नाही, हा करार. आणि जीएफपी कर्नल लिहिणं म्हणजे गरज पडली तर मी झोपायला तयार आहे, अशी लेखी कबुली. मेमरी मोकळी असली तर केमॅलॉक ताबडतोब देतं. ती संपत आली असली तर मागणाऱ्यालाच कामाला जुंपतं: पेज कॅशमधली पानं सोडव, फाइल सिस्टिमकडून जुने आयनोड आणि डेन्ट्री मोकळे करून घे, डिस्कवर लिहिणं चालू असेल तर ते होईपर्यंत थांब. याला डायरेक्ट रिक्लेम म्हणतात. तुझ्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा मेमरी मोकळी असते, त्यामुळं झोपायची वेळच येत नाही. तुझं मॉड्यूल महिनोन्‌महिने बिनबोभाट चाललं असतं आणि एखाद्या सर्व्हरवर, ऐन गर्दीच्या वेळी, अडकलं असतं. म्हणून कर्नल प्रत्यक्ष झोप लागायची वाट बघत नाही. केमॅलॉकच्या दारातच 'हा झोपू शकतो, आणि आत्ता झोपायची मुभा नाही' एवढं दिसलं की तो ओरडतो. परवानगी होती का, इतकंच तो तपासतो. या कामातली बहुतेक हत्यारं अशीच चालतात, म्हणून 'पण माझ्याकडं तर कधी अडकलं नाही' हे उत्तर तिथं कुणी ऐकून घेत नाही.

आता तू लिहिलेलं जीएफपी अ‍ॅटॉमिक. त्याचा अर्थ, मला थांबता येत नाही, असेल ते आत्ता दे, हवं तर राखीव साठ्यातून दे. हा साठा कर्नल मिनफ्रीकेबाइट्स या सेटिंगच्या हिशोबानं बाजूला ठेवतो. तो ज्यांना खरोखर थांबता येत नाही त्यांच्यासाठी आहे. नेटवर्क कार्डावर पॅकेट येऊन पडलं, इंटरप्ट चालू आहे, जागा आत्ता पाहिजे, नाहीतर पॅकेट गेलं, त्याच्यासाठी. तुझ्या मॉड्यूलला मात्र थांबता येत होतं. युजरनं राइट कॉल केला, तू प्रोसेसच्या कॉन्टेक्स्टमध्ये होतीस, घाई कसलीच नव्हती. अडचण तू आधी लॉक घेऊन मग जागा मागितलीस म्हणून झाली. आणि अ‍ॅटॉमिक मागणी नाकारली जाण्याची शक्यता खरी असते. नकार आला तर काय, हे तुझ्या बदलात कुठंच दिसत नाही.

दुरुस्ती क्रमात आहे. आधी केमॅलॉक, जीएफपी कर्नल देऊन, लॉकच्या बाहेर. नल आलं तर तिथूनच मागं फिर. नवीन नोंद पूर्ण भरून घे, हेही बाहेरच. मग लॉक घे. आता टेबलात पुन्हा शोध. हे पुन्हा शोधणं विसरू नकोस. तू जागा मागत होतीस तेवढ्यात दुसऱ्या प्रोसेसरनं तीच नोंद घातलेली असू शकते. नसेल तर जोड आणि लॉक सोड. असेल तर आधी लॉक सोड आणि मग आपली नोंद केफ्रीला दे. केफ्री स्पिनलॉकच्या आत चालतं, पण लॉकच्या बाहेर सोडायचीच सवय हाताला लाव, कारण उद्या तीच जागा मोठी झाली आणि तू केव्हीमॅलॉकवर गेलीस तर सोडताना व्हीफ्री येईल, आणि ते झोपू शकतं.

एक नोंद लागणार की पाच, हे लॉक घेतल्याशिवाय कळत नसेल तर? तर सगळ्यात जास्त किती लागतील तेवढ्या आधी घे आणि उरलेल्या परत कर. रॅडिक्स ट्रीवाल्यांनी हेच केलं होतं: प्रीलोड नावाचं फंक्शन, लॉकच्या आधी बोलवायचं, ते प्रत्येक प्रोसेसरपाशी नोड भरून ठेवायचं, आणि लॉकच्या आत झाड वाढलं की त्या साठ्यातून घ्यायचं. तो कोड वाच. जुना आहे पण स्वच्छ आहे.

आता लॉकची तपासणी. आधी लॉक अडकतात कसे ते बघ. दोन माणसं विहिरीवर आली, एकाच्या हातात दोर, दुसऱ्याच्या हातात पोहरा, आणि प्रत्येकजण समोरच्याची वस्तू मिळेपर्यंत आपली सोडणार नाही. दोघंही तहानलेलेच राहतात. कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी १९७१ साली डेडलॉकच्या चार अटी मांडल्या. चारही जुळल्या तरच अडकतं, त्यातली एक मोडली तरी पुरे. बाकीच्या तीन कर्नलमध्ये मोडणं जवळजवळ अशक्य, म्हणून आपण चौथी, म्हणजे एकमेकांची वर्तुळात वाट बघणं, मोडतो: सगळ्यांनी लॉक एकाच क्रमानं घ्यायचे. आधी दोर, मग पोहरा, कुणीही आलं तरी.

हा क्रम माणसाच्या ध्यानात राहत नाही. लिनक्समध्ये १९९६ साली, २.० मध्ये, एकापेक्षा जास्त प्रोसेसर चालायला लागले तेव्हा अख्ख्या कर्नलला एकच मोठा लॉक होता. तो हळूहळू फोडत फोडत २०११ साली, २.६.३९ मध्ये, पूर्ण काढला. आता हजारो छोटे लॉक आहेत. म्हणून इंगो मोल्नार आणि आर्यन व्हान दे वेन यांनी हा क्रम तपासणारं लॉकडेप लिहिलं. ते २००६ साली २.६.१८ मध्ये आलं. माझ्या मते कर्नलच्या कामात त्या दशकात याच्याइतकी उपयोगी दुसरी गोष्ट झाली नाही. त्याआधी आम्ही अडकलेल्या मशीनसमोर स्टॅक ट्रेसचे कागद पसरून कुणाच्या हातात काय होतं ते पेन्सिलीनं जोडायचो.

लॉकडेपची खुबी ही की ते एकेका लॉकचा हिशोब ठेवत नाही, लॉकच्या जातीचा ठेवतं. फाइल सिस्टिममध्ये लाखभर आयनोड असतील, प्रत्येकाला आपला लॉक. लॉकडेपच्या वहीत त्यांची एकच नोंद. आणि 'अ हातात असताना ब घेतला' एवढं एकदा कुठंही घडलं की ते वहीत चढतं. पुढं कधीतरी, दुसऱ्या प्रोसेसरवर, तासाभरानं, 'ब हातात असताना अ घेतला' असं घडलं की ते ओरडतं. दोघं एकाच वेळी समोरासमोर यावे लागत नाहीत. म्हणून तुला दोन्ही वाटा फक्त एकेकदा चालवून बघायच्या आहेत. टेस्ट लिहिताना हेच ध्यानात ठेव: वेग आणि गर्दी नंतर, आधी प्रत्येक वाट एकदा.

रिपोर्ट वाचायची पद्धत सांगतो, कारण त्याची लांबी बघून पोरं घाबरतात. 'पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेन्डन्सी डिटेक्टेड' अशी सुरुवात असते. वरून वाचू नकोस. खाली जा, तिथं 'पॉसिबल अनसेफ लॉकिंग सिनारिओ' असा छोटा तक्ता असतो, सीपीयू शून्य आणि सीपीयू एक, कोण काय घेणार ते. चित्र तिथं आहे. मग वर ये आणि साखळी बघ. साखळी उलट्या क्रमानं छापलेली असते. बाणापुढं शून्य लिहिलेला भाग म्हणजे आत्ता घडत असलेली मागणी, आणि एक, दोन, तीन हे भाग म्हणजे जुन्या नोंदी, त्या पहिल्यांदा कुठं घडल्या त्याच्या स्टॅकसकट. चूक बहुतेक वेळा या दोन टोकांपैकी एका टोकाला असते. दोन्हीकडं बघून ठरव कोणता क्रम खरा, आणि जो खोटा तो बदल. सोपा बदलता येईल तो क्रम खोटा, असं ठरवू नकोस.

लॉकच्या नावापुढं महिरपी कंसात चार खुणा असतात. पहिली हार्डइंटरप्टची, तिसरी सॉफ्टइंटरप्टची, दुसरी आणि चौथी त्याच दोघांची पण रीड-लॉकसाठी. टिंब असलं तर काळजी नाही. वजा म्हणजे हा लॉक इंटरप्टच्या आत घेतला गेलेला आहे. अधिक म्हणजे इंटरप्ट चालू असताना घेतला गेलेला आहे. प्रश्नचिन्ह म्हणजे दोन्ही, आणि तिथं धोका आहे: लॉक हातात असताना त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट आला आणि त्यानं तोच लॉक मागितला तर स्वतःच स्वतःची वाट बघत बसणार. तिथं प्रोसेसच्या बाजूला स्पिनलॉक आयआरक्यूसेव्ह लागतं.

आणखी एक, हे पुष्कळांना माहीत नसतं. पहिला रिपोर्ट दिला की लॉकडेप स्वतःला बंद करून घेतं. त्या बूटमध्ये नंतर काहीही झालं तरी ते बोलणार नाही. पहिली चूक दुसऱ्याच्या ड्रायव्हरमधली असली तर तुझी चूक झाकून राहील. म्हणून टेस्ट संपल्यावर प्रॉकमधली लॉकडेप स्टॅट्स फाइल उघड आणि डीबग लॉक्सपुढं एक आहे का बघ. शून्य असेल तर तुझी टेस्ट झालीच नाही असं धर, रिबूट कर, पहिली चूक बाजूला काढ आणि परत चालव. बंद मालकीचं मॉड्यूल चढवलं तरी तपासणी थांबते. 'डिसेबलिंग लॉक डीबगिंग ड्यू टू कर्नल टेंट' अशी ओळ दिसते. लॅपटॉपवर ग्राफिक्सचा तसला ड्रायव्हर असेल तर सगळं क्यूईएमयूच्या आत चालव, आणि तुझ्या मॉड्यूलमध्ये जीपीएल परवान्याची ओळ नीट लिही.

कधीकधी लॉकडेपची तक्रार वाजवीपेक्षा जास्त असते. आई-डिरेक्टरीचा लॉक हातात असताना लेकीचा घेतला; जात एकच, म्हणून ते म्हणतं, स्वतःचाच लॉक दुसऱ्यांदा घेतलास. त्यासाठी म्यूटेक्स लॉक नेस्टेड आहे, पोटजात सांगायची. एका जातीला आठ पोटजाती मिळतात. पण आधी सिद्ध कर की आईनंतर लेक हाच क्रम सगळीकडं आहे, आणि ते कॉमेंटमध्ये लिही. नेस्टेड लिहून ओळ बंद करणारे मी पुष्कळ बघितले, आणि तसल्या जागी वर्षांनी खरा डेडलॉक निघालेला बघितला. तपासणीच नको म्हणणारा नोव्हॅलिडेट क्लासही आहे. त्याला हात लावू नकोस. तो डिव्हाइसच्या म्यूटेक्ससाठी राखीव आहे आणि पॅच तपासणारं चेकपॅच तुला तसं ऐकवेल.

कोणत्या लॉकनं काय राखलं जातं हे स्ट्रक्चरमध्ये त्या फील्डपाशीच लिही. आणि 'हे फंक्शन लॉक घेऊनच बोलवा' अशी कॉमेंट लिहिण्याऐवजी लॉकडेप असर्ट हेल्ड लिही. कॉमेंट कुणी वाचत नाही, असर्ट बोलतं.

आता दोन्ही गोष्टी जिथं एक होतात तिकडं येतो. माझं सगळं काम इथंच होतं, म्हणून थोडं जास्त बोलेन.

समज तू फाइल सिस्टिमच्या आत आहेस, ट्रान्झॅक्शन चालू आहे, हातात म्यूटेक्स आहे. म्यूटेक्सच्या आत झोपायला परवानगी आहे, म्हणून तू निर्धास्तपणे जीएफपी कर्नल लिहिलंस. मेमरी कमी होती. कर्नल रिक्लेमला गेला. रिक्लेम म्हणाला, फाइल सिस्टिमकडं मोकळे करण्याजोगे आयनोड आहेत, ते सोडवू. त्यानं तुझ्याच फाइल सिस्टिमला बोलावलं, आणि ती तोच म्यूटेक्स मागायला लागली. तू रिक्लेमची वाट बघतेस, रिक्लेम तुझी. इथं कुणीही दुसरा लॉक लिहिलेला नाही. दुसरा लॉक होता तो केमॅलॉक.

लॉकडेपवाल्यांनी हे फार सुंदर रीतीनं पकडलं. त्यांनी एफएस रिक्लेम नावाचा एक खोटा लॉक केला. तो कुणाला अडवत नाही, फक्त वहीत दिसतो. फाइल सिस्टिममध्ये शिरू शकणारी प्रत्येक मेमरीची मागणी हा लॉक घेऊन सोडल्यासारखी नोंदते, आणि रिक्लेम चालू असताना तो हातात असल्याचं धरतात. मग साखळी आपोआप जुळते, मेमरी भरपूर असतानाही. रिपोर्टमध्ये एफएस रिक्लेम हे नाव दिसलं आणि कोडमध्ये तो लॉक शोधून सापडला नाही तर गोंधळू नकोस. मागणी कुठं आहे ते शोध.

यावर जुना उपाय होता जीएफपी नोएफएस: जागा दे, झोपव, पण फाइल सिस्टिमला बोलावू नकोस. ब्लॉक लेयरमध्ये असशील तर जीएफपी नोआयओ. पण त्यात खोट होती. लॉक घेतला वरच्या फंक्शननं, मागणी झाली सहा पायऱ्या खाली, आणि खालच्याला वरती काय हातात आहे ते माहीत नाही. मग लोक भीतीपोटी सगळीकडं नोएफएस लिहीत सुटले, आणि खरी गरज कुठं होती ते कुणाला सांगता येईना. २०१७ साली ४.१२ मध्ये मिखाल होत्स्को यांनी मेमअ‍ॅलॉक नोएफएस सेव्ह आणि रिस्टोर ही जोडी आणली. जिथं लॉक घेतेस किंवा ट्रान्झॅक्शन उघडतेस तिथं सेव्ह, जिथं सोडतेस तिथं रिस्टोर. मधल्या सगळ्या मागण्या त्या प्रोसेसपुरत्या आपोआप नोएफएस होतात. खालच्या कोडनं खुशाल जीएफपी कर्नल लिहावं. ज्याच्या हातात लॉक आहे तोच सांगतो की मी बांधलेलो आहे. मला हे अगदी न्याय्य वाटतं. नवीन कोडमध्ये हीच जोडी वापर, आणि सेव्हच्या वर कॉमेंट लिही की कोणता लॉक रिक्लेमच्या वाटेवर येतो.

तू पुढं कॅश बांधशील आणि मेमरी कमी पडली की ती आटवणारा श्रिंकर नोंदवशील तेव्हाही हेच. श्रिंकर रिक्लेमच्या आतून चालतो. त्यात तुझा म्यूटेक्स लागत असेल तर ट्रायलॉक कर. मिळाला नाही तर 'आत्ता जमत नाही' सांगून परत ये. आणि डिस्कवर लिहिण्याच्या वाटेवर, म्हणजे मेमरी मोकळी करण्यासाठीच जे चालतं तिथं, जागा लागत असेल तर मेमपूल ठेव. मेमरी सोडवायला मेमरी लागते आणि ती नाही, अशी वेळ ब्लॉक लेयरवर रोज येऊ शकते. तिथल्या प्रत्येक मागणीची जी नोंद असते, बायो, तिच्यासाठी म्हणूनच पूल असतो.

पुण्याची एक गोष्ट तुला माहीत असावी. केजीडीबी हा चालत्या कर्नलला थांबवून आत बघायचा डीबगर. दोन मशीन, मध्ये सीरियल केबल. कर्नलची डीबग कोअर नावाची फाइल उघडून माथ्यावरची स्वामित्वाची यादी वाच: २०००-२००१ व्हेरिटास, २००३-२००४ अमित काळे, पुढं लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज. अमित काळे हे काम पुण्यातून सांभाळत होते, लिनसिससॉफ्ट ही पुण्यातली कंपनी. कर्नलच्या आत डीबगर असावा की नाही यावर फार वर्षं वाद होता, स्वतः लिनस टोरवाल्ड्‌स त्याच्या बाजूचे नव्हते; ते काम मुख्य कर्नलबाहेर पॅच म्हणून जगलं आणि जेसन वेसल यांच्या हातून २००८ साली २.६.२६ मध्ये आत आलं. त्याच यादीत खाली इंगो मोल्नार यांचंही नाव आहे.

मी ती फाइल तुला वाचायला लावतोय ती अभिमानासाठीही, नाकारत नाही, पण आपल्या विषयासाठी जास्त. केजीडीबी कर्नल थांबवतो तेव्हा सगळे प्रोसेसर जिथल्या तिथं गोठतात. कुणाच्या हातात कोणता लॉक होता माहीत नाही, आणि तो आता सुटणार नाही. म्हणजे डीबगरला दुसऱ्या कुणाचा लॉक मागता येत नाही, आणि म्हणूनच मेमरीही मागता येत नाही, कारण मेमरी देणाऱ्या अ‍ॅलोकेटरचा लॉक कुणाच्या तरी हातात असू शकतो. मग काय केलं? ब्रेकपॉइंटसाठी आधीच ठरवलेल्या आकाराचा अ‍ॅरे. बोलण्यासाठी आधीच ठेवलेला बफर. सीरियल पोर्ट इंटरप्टशिवाय, एकेक अक्षर विचारून विचारून. जे लागणार ते सगळं आधी घेऊन ठेवलेलं. तुझ्या टेबलातली नोंद लॉकच्या आधी घ्यायची ती याच रीतीनं.

आणि हे नियम अजून घट्ट होत चाललेत. २०२४ साली ६.१२ मध्ये रिअल-टाइमचा पर्याय मुख्य कर्नलमध्ये आला. त्यात साधा स्पिनलॉक झोपू शकतो, रॉ स्पिनलॉक झोपत नाही. अ‍ॅलोकेटरच्या आत झोपू शकणारे लॉक आहेत, म्हणून रॉ स्पिनलॉकच्या आत जीएफपी अ‍ॅटॉमिकसुद्धा चालत नाही. तू आज लॉकच्या आतून मागणी बाहेर काढलीस तर या बदलाचा तुला काहीच त्रास नाही. अ‍ॅटॉमिक रॉ स्पिनलॉकच्या आत लिहून वेळ मारून नेलेल्यांना तो कोड परत उघडावा लागतोय.

आकाराबद्दल थोडंच. केमॅलॉक ठरावीक मापांतून देतं. १३० बाइट मागितले तर १९२ जातात, ४,१०० मागितले तर ८,१९२. एकाच आकाराच्या पुष्कळ वस्तू लागत असतील तर स्वतःचा स्लॅब कॅश कर. ही कल्पना जेफ बॉनविक यांनी १९९४ साली सोलारिसच्या निमित्तानं मांडली आणि अजून सगळे तिच्यावर उभे आहेत. अ‍ॅरेसाठी गुणाकार हातानं करू नकोस, केकॅलॉक किंवा स्ट्रक्ट साइज वापर. आकडा युजरकडून येत असेल तर गुणाकार ओव्हरफ्लो होऊन छोटी जागा मिळते आणि पुढं लिहिणं बाहेर जातं.

नकाराची वाट तपासल्याशिवाय पॅच पाठवायचा नाही. आठ पानांपर्यंतची, म्हणजे ३२ केबीपर्यंतची जीएफपी कर्नल मागणी व्यवहारात जवळजवळ कधीच नाकारली जात नाही. कर्नल शक्य ते सगळं करून जागा देतो. त्यामुळं तुझा 'नल आलं तर' हा कोड वर्षानुवर्षं चालतच नाही, आणि त्याच्यात लॉक सोडायचा राहिलेला असतो. फेलस्लॅब लावून नकार मुद्दाम आण. प्रॉकमध्ये फेल-एन्थ नावाची फाइल आहे: एक लिही, पहिली मागणी नाकारली जाईल, दोन लिही, दुसरी, असं करत शेवटपर्यंत जा. प्रत्येक वेळी लॉकडेप आणि केमेमलीक काय म्हणतात ते बघ. २०२३ पासून, ६.५ नंतर, कर्नलमध्ये गार्डची सोय आहे, फंक्शनमधून कुठूनही बाहेर पडलं तरी लॉक आपोआप सुटतो. नवीन कोडमध्ये वापर. जुन्या फाइलमध्ये गोटू आणि गार्ड यांची भेसळ करू नकोस, ती वाचणाऱ्याला फसवते.

कर्नलच्या स्वतःच्या चेकलिस्टमध्ये पॅच पाठवण्याआधी स्लॅब डीबग, अ‍ॅटॉमिक स्लीप डीबग, स्पिनलॉक आणि म्यूटेक्स डीबग हे सगळं एकाच वेळी चालू ठेवून तपासायला सांगितलंय, आणि लॉकडेप चालू असताना सगळ्या वाटा चालवायला सांगितल्यात. त्यात मेमरीचा चुकीचा वापर पकडणाऱ्या केसॅनची भर घाल. मशीन हळू होईल, होऊ दे.

या कामाला पुण्या-बंगळुरूला जायची गरज नाही. गिटचा पूर्ण इतिहास काही जीबींचा आहे. तो बिलोलीच्या नेटवर ओढत बसू नकोस, नांदेडला कॉलेजात एकदा घे आणि गिट बंडल करून पेनड्राइव्हवर आण, नंतर रोजचे बदल थोडेच असतात. इतिहास अर्धवट घेऊ नकोस, चूक कोणत्या कमिटपासून आली ते शोधायला तो लागतो. लोकलमॉडकॉन्फिग लावून बिल्ड छोटा कर. लाइट जाते म्हणून बिल्ड सोडू नकोस, मेक जिथं थांबलं तिथून पुढं चालू होतं.

पॅचचा मजकूर साध्या इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. काय दिसलं, का घडतं, कसं बदललं, या क्रमानं. रिपोर्टमधल्या कामाच्या ओळी ठेव, तारखा आणि पत्ते काढ. फिक्सेसच्या ओळीत कमिटची पहिली बारा अक्षरं. लॉकचा क्रम आणि अ‍ॅलोकेशन असे दोन बदल असतील तर दोन पॅच कर. मेन्टेनरनं उलट विचारलं की हा क्रम दुसऱ्या ड्रायव्हरमध्ये पण असाच आहे का, तर त्याचं उत्तर अंदाजानं देऊ नकोस. ग्रेप कर, बघ, मग लिही.

आता तुझा बदल मागं घे, मागणी लॉकच्या बाहेर काढ आणि परत चालव. पुढचा रिपोर्ट आला तर स्क्रीनचा फोटो पाठवू नकोस, वरच्या ओळी त्यात सुटतात. क्यूईएमयूचा सीरियल कन्सोल फाइलमध्ये वळव आणि बूटपासूनची अख्खी फाइल पाठव, तुझ्या कॉन्फिगसकट.